नवीन बॉन्साय टीव्हीशेजारी ठेवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की पुण्यात घरोघरी नवीन बॉन्साय येतात आणि थोड्याच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो सुरू, पानं पिवळी पडून गळतायत, काय करू. हल्ली गिफ्ट म्हणूनही देतात ते, जाड मुळांचं फायकस, नर्सरीवाले त्याला जिनसेंग म्हणतात. औषधी जिनसेंगशी त्याचा काही संबंध नाही बरं का, आपल्याकडच्या नांद्रुकाचीच जात ती.

वडाच्या कुळातलं हे झाड उजेडात, दमट हवेत वाढलेलं असतं आणि आपण ते ठेवतो हॉलमध्ये टीव्हीशेजारी, वरून एसी चालू. उजेड एकदम कमी झाला की फायकस पानं टाकतंच. झाड मेलेलं नसतं, एखादी काडी नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. पण लोक घाबरतात आणि खरा घोळ तिथेच होतो, रोज पाणी काय, मूठभर खत काय, कुणीतरी सांगतं म्हणून लगेच मुळं छाटून कुंडी बदलणं काय. अहो पानंच नाहीत तर झाड पाणी ओढणार कसं? मुळं कुजतात आणि मग मात्र ते खरंच जातं.

सकाळचं ऊन येणारी गॅलरी बघा, तिथे ठेवा आणि नवीन पालवी येईपर्यंत हलवू नका. पाणी वार ठरवून नाही, मातीत बोट घालून. वरचा थर कोरडा लागला की तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि खालच्या बशीत साचू देऊ नका. बऱ्याच कुंड्यांमध्ये शोसाठी वर गोंदाने खडे चिकटवलेले असतात, ते आधी काढा, पाणी त्यावरून कडेने निसटून जातं आणि आत माती कोरडी ठणठणीत. मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असेल तर तो एकदा कडक सुकला की वरून घातलेलं पाणी पटकन धरत नाही, मग कुंडी टबात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. फांद्यांना आकार द्यायला गुंडाळलेली तार सालीत रुतत असेल तर तुकडे करून काढा, उलगडायला गेलात तर फांदी मोडेल. कुंडी बदलायची ती पावसाळ्याच्या तोंडावर, तोवर दम धरा.

बॉन्साय घरात शुभ की अशुभ या वास्तूवाल्यांच्या वादात मी पडत नाही, झाडाला मात्र गॅलरीच बरी.

नर्सरीवाल्यांना आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक विनंती, कुंडीवर नुसतं 'बॉन्साय' आणि किंमत लिहू नका, झाडाचं नाव लिहा. जेड पानांत पाणी साठवतं, त्याला फायकसइतकं पाणी दिलं तर सडतं, आणि जुनिपरला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, ते घरात ठेवायचं झाडच नाही. नाव माहीत असलं तर माणूस विचारून तरी घेईल.

एक वाचक, कोथरूड, पुणे