पडदा आहे की नाही?

रंकाळा, कोल्हापूर

प्रिय सुमे,

तुझा रिपोर्ट मोबाइलवर मोठा करून दोनदा वाचला. उजव्या ओव्हरीत ४.२ सेंमीची पाण्याची गाठ, आत बारीक पडदा असण्याची शक्यता, रक्तातलं सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) १८. भावजय म्हणते, पाळी जाऊन ८ वर्षं झाली, आता ती ओव्हरी ठेवून काय लोणचं घालायचंय? तिचं बोलणं अगदीच चुकीचं नाही. पण जरा दम धर.

सगळं अडलंय ते 'असण्याची शक्यता' या दोन शब्दांवर. ही सोनोग्राफी पोटावरून, लघवी तुंबवून केलेली. पोटाच्या चरबीतून गाठीतला बारीक पडदा धड दिसत नाही. कधी शेजारचं आतडंच पडद्यासारखं वाटतं. म्हणून आधी खालून, योनीमार्गातून सोनोग्राफी कर. त्याला उलट लघवी करून जायचं. डॉपलरही करायला सांग, म्हणजे आत कुठं रक्तप्रवाह आहे का ते दिसतं.

मग हिशेब सोपा आहे. बघायच्या गोष्टी पाच: एकापेक्षा जास्त कप्पे, आत घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याची खूण. यातलं काहीच नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर थेट ३. त्याला पाळी गेल्याचे ३ नि सीए-१२५ च्या आकड्यानं गुणायचं. याला आरएमआय म्हणतात, म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याच्या धोक्याचा अंदाज. तुझा पडदा खरा निघाला, म्हणजे कप्पे एकापेक्षा जास्त झाले, तर १ × ३ × १८, म्हणजे ५४. २०० च्या पुढं गेलं की कॅन्सरच्या सर्जनकडं. पडद्यासोबत घट्ट भागही दिसला असता नि सीए-१२५ २५ असतं, तर तोच आकडा २२५ झाला असता.

पण १८ वर फार विसंबू नकोस. ओव्हरीच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांचं सीए-१२५ नॉर्मलच असतं. उलट पोटाचा टीबी, फायब्रॉइड, लिव्हरचा आजार, यांत कॅन्सर नसताना ते ३५ च्या वर जातं. एकटा आकडा बघून कुणी घाबरवलं किंवा निर्धास्त केलं, तर दोन्ही ऐकू नकोस.

पडदा नसेल, एकच कप्पा नि पातळ भिंत असेल, तर माझं मत थांबण्याचं. ४ ते ६ महिन्यांनी सोनोग्राफी नि सीए-१२५ दोन्ही पुन्हा, जमल्यास त्याच सेंटरला, म्हणजे मापात फरक पडत नाही. वर्षभर तेवढीच राहिली किंवा आकसली तर तिचा नाद सोडायचा. तुझी दोन सिझर झालीत, आत आतडी चिकटलेली असू शकतात. विनाकारण पोटात शिरायला नको.

पडदा असेल तर माझा कल काढण्याकडं, पण घाईनं नाही. आधी शुगर आटोक्यात आण. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पाळी गेल्यावर नुसती गाठ सोलून काढत नाहीत, दोन्ही ओव्हऱ्या नि नळ्या काढतात. डॉक्टरांना एकच प्रश्न नक्की विचार: गाठ न फोडता पिशवीत घालून बाहेर काढणार ना? ती पोटात फुटली नि पुढं तपासणीत कॅन्सर निघाला, तर पहिल्याच टप्प्यातला असला तरी १ए चा १सी (त्याच टप्प्यातली वरची पायरी) होतो नि केमोचा विषय निघतो. त्याच कारणानं 'सुईनं पाणी काढून बघू' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. त्या पाण्याच्या तपासणीत कॅन्सर सुटू शकतो, नि गाठ पुन्हा भरते ती वेगळीच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांग, स्वतःहून बंद करू नकोस.

आरएमआय २०० च्या वर गेला तर मात्र दुर्बिणीचा हट्ट नको. मग बेंबीच्या वर-खाली उभा छेद घेऊन गर्भपिशवी, ओव्हऱ्या नि आतड्यांवरचा चरबीचा पदरही काढतात, पोटातलं पाणी तपासायला घेतात. ते काम त्याच विषयाच्या माणसानं करावं. तेव्हा मिरज-मुंबई बघू.

मधल्या काळात एका बाजूला अचानक जीवघेणी कळ नि उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. काहीही न खाता त्याच रात्री दवाखाना गाठायचा. गडहिंग्लजला सोय नाही झाली तर सरळ सीपीआर, कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल. आणि रक्ताचा डाग एकदा जरी दिसला तरी गर्भपिशवीच्या अस्तराची वेगळी तपासणी लागते. 'उष्णता झाली असेल' म्हणून बसू नकोस.

येताना जुन्या सोनोग्राफ्यांचे सगळे कागद आण, पित्ताच्या खड्यासाठी केलेलीही. त्यात ही गाठ आधीच असेल तर अर्धं काम झालं.

आणखी एक. तुमच्यात स्तनाचा कॅन्सर झाला होता तो मावशीला की काकीला? काकी असेल तर रक्ताचं नातं नाही, विषय मिटला. मावशी असेल तर तिला कितव्या वर्षी झाला नि आजीकडं आणखी कुणाला होता का, ते विचारून ठेव. मग जनुकीय तपासणीचं बघावं लागेल, नि गाठ साधी निघाली तरी ओव्हऱ्या काढायच्या का हा प्रश्न नव्यानं उभा राहील. एवढं आधी फोनवर कळव.

तुझी,
शैला