मोपाहून पुण्याला जेट कशाला? मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सविनय नमस्कार.

गोव्याहून जवळच्या शहरांना विमाने वाढवायचा विषय निघाला की एक मागणी हमखास ऐकू येते : पंख्याची विमाने नकोत, जेट आणा. आम्ही विमानांची देखभाल, उड्डाणांचे नियोजन आणि रॅम्पवरची (विमाने उभी राहतात त्या जागेवरची) कामे जाणणारी गोव्यातली माणसे आहोत. या मागणीपुढे सरकारने मान तुकवू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. सुमारे ६०० किलोमीटरच्या आतल्या मार्गांवर टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याची विमाने, आणि त्यापुढच्या मार्गांवर जेट, हा निकष राज्याने ठरवावा आणि सवलती व विमानतळावरच्या सोयी त्यानुसार लावाव्यात.

आधी वेळेचा हिशेब. गोव्याचा मोपा विमानतळ ते पुणे सरळ रेषेत सुमारे ३२० किलोमीटर आहे. एटीआर ७२-६०० हे टर्बोप्रॉप ताशी ५१० किलोमीटरने जाते, ७६ ते ८८ आसनांचे एम्ब्रेअर ई-१७५ हे जेट ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास. नुसता भागाकार केला तर ३८ मिनिटे आणि २४ मिनिटे, म्हणजे फरक १४ मिनिटांचा. पण जेटला हा वेग वर गेल्यावरच मिळतो. १०,००० फुटांखाली कुठल्याही विमानाला वेगमापकावर २५० नॉटची मर्यादा असते आणि एटीआरची वेगमापकावरची कमाल मर्यादाही तेवढीच आहे (ताशी ५१० किलोमीटर हा वरच्या विरळ हवेतला प्रत्यक्ष वेग), त्यामुळे तिथे दोघे बरोबरीत. पुण्याच्या मार्गावर जेट जेमतेम वर पोचते आणि उतरायला लागते. प्रत्यक्षात दहा मिनिटे वाचतात. मोपाच्या सड्यावरून पणजी गाठायला त्याहून किती जास्त वेळ लागतो, हे आपल्याला माहीत आहेच.

आता या दहा मिनिटांची किंमत. एटीआर तासाला साधारण ६५० ते ७५० किलो इंधन खाते, ई-१७५ त्याच्या दुपटीहून जास्त. पुण्याच्या एका फेरीला टॅक्सी (विमानाचे जमिनीवरचे चालणे) धरून एटीआरला सातशेच्या आसपास आणि जेटला चौदाशेच्या आसपास किलो, असा ठोकताळा घेता येतो. इंधनाचा दर किलोला १०० रुपये धरला आणि विमानात ६० प्रवासी बसले, तर जेटमध्ये प्रत्येकाच्या माथी सुमारे १,१७० रुपये केवळ जादा इंधनाचे पडतात. देखभाल आणि भाडेपट्टा यात धरलेला नाही. स्लीपर बसशी स्पर्धा करणाऱ्या मार्गावर एवढ्या फरकाने विमान रिकामे राहते आणि सहा महिन्यांत मार्गच बंद पडतो.

यामागचे कारण साधे आहे. एटीआरचा सहा पात्यांचा पंखा ३.९३ मीटर व्यासाचा असतो. तो खूप हवा हळू मागे ढकलतो आणि कमी वेगाला हेच स्वस्त पडते. जेट इंजिन थोडी हवा जोराने फेकते. त्याचा फायदा ३५,००० फुटांवरच्या विरळ हवेत, लांब पल्ल्यावर निघतो. तो पल्लाच नसेल तर इंधन चढाईतच संपते. जुने इंजिन आणि नवे इंजिन असा हा वाद नाही. एटीआरची पीडब्ल्यू१२७ इंजिनेही आतून टर्बाइनच आहेत, त्यांची शक्ती तेवढी पंखा फिरवण्याकडे वळवलेली असते.

दुसरा मुद्दा पलीकडच्या विमानतळांचा, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. मोपाची धावपट्टी ३,५०० मीटरची आहे, तिथे काहीही उतरेल. पण गोव्याला जोडायची गावे लहान धावपट्ट्यांची आहेत. पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात एटीआर ७२-६०० ला उड्डाणासाठी सुमारे १,३०० मीटर लागतात. ई-१७५ ला आवृत्ती आणि वजनाप्रमाणे १,७०० ते २,२०० मीटर. मे महिन्यातले ३५ अंश किंवा जूनमधली ओली धावपट्टी धरली की दोघांचाही आकडा वाढतो, पण जेटचा आकडा लहान विमानतळांच्या हद्दीबाहेर जातो. लक्षद्वीपच्या आगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरची आहे. तिथे एटीआरसुद्धा आसने किंवा सामान कमी करूनच जाते, शिवाय उतरता आले नाही तर गाठायचा पर्यायी विमानतळ मंगळूर किंवा केरळच्या किनाऱ्यावर, चारशे किलोमीटरच्या आसपास दूर. तेवढे इंधन पोटात ठेवावेच लागते. जेटचा तिथे विचारही करता येत नाही.

धावपट्टीइतकाच आगीच्या बंबाचा प्रश्न आहे, आणि तो चर्चेत कधीच येत नाही. अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबी-रुंदीवर ठरते. एटीआर ७२ ची लांबी २७.१७ मीटर, म्हणून श्रेणी ५ : एक बंब आणि फेसासाठी ५,४०० लिटर पाणी. ई-१७५ ची लांबी ३१.६८ मीटर, म्हणून श्रेणी ६ : दोन बंब आणि ७,९०० लिटर. वर्दळ अगदी कमी असेल तर एक श्रेणी खाली चालवायची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, पण तिच्या भरवशावर वर्षभराचे वेळापत्रक आखू नये. दुसरा बंब म्हणजे नुसती गाडी नाही. प्रत्येक पाळीला चालक, प्रशिक्षित जवान आणि सुटे भाग लागतात. आठवड्याला चार फेऱ्यांच्या विमानतळाला हा भार पेलत नाही.

मोपा येथे तळ असलेली फ्लाय९१ ही कंपनी १८ मार्च २०२४ पासून एटीआर ७२-६०० चालवते आणि ९ जून २०२५ पासून गोवा-सोलापूर सेवाही सुरू झाली. सोलापूर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, हैदराबाद आणि बंगळूर पाचशेच्या आसपास, जळगाव सहाशेच्या किंचित पुढे. हे सगळे टर्बोप्रॉपचे टापू आहेत. जळगावसारखा काठावरचा मार्ग अंतराने जेटकडे झुकतो, पण प्रवासीसंख्या त्याला एटीआरकडेच ठेवते, आणि सरकारी निकषात एवढी लवचीकता असावी.

सवलतींची गंमत अशी की त्या या फरकाकडे बघतच नाहीत. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानाला उतरण्याचे शुल्क माफ आहे. ४०,००० किलोपेक्षा कमी कमाल उड्डाणवजनाच्या विमानाला विकलेले इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली 'घोषित माल' आहे, त्यामुळे राज्याचा कर पाच टक्क्यांवर जाऊ शकत नाही. एटीआरचे वजन २३,००० किलो. ई-१७५ च्या एका आवृत्तीचे ३८,७९०, दुसरीचे ४०,३७०. म्हणजे ७६ आसने बसवलेले आणि हलकी आवृत्ती निवडलेले जेट एटीआरच्याच सवलतींत बसते. दुप्पट इंधन जाळणाऱ्याला आणि निम्मे जाळणाऱ्याला एकच माफी. केंद्राचा कायदा आपल्या हातात नाही, पण राज्याच्या तिजोरीतून जी रक्कम किंवा करकपात द्याल ती अंतर आणि इंधन बघून द्यावी, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

टर्बोप्रॉपच्या उणिवा आम्ही झाकणार नाही, कारण त्या झाकल्या की माणसे मरतात. पावसाळ्यात आपल्या आकाशात शून्य अंशाची रेषा (जिच्या वर पाणी गोठते) सुमारे १६,००० ते १८,००० फुटांवर असते आणि एटीआर नेहमी जिथे उडते तो हाच पट्टा. पंखांच्या कडेला काळ्या रबरी पट्ट्या असतात, त्या हवेने फुगून बर्फ तोडतात. पंख्याच्या पात्यांना विजेची ऊब असते. तरीही बर्फात ठरलेल्या किमान वेगाखाली येणे प्राणघातक ठरते. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉन येथे एटीआर कोसळून ६८ माणसे गेली, त्यानंतर या पट्ट्या रुंद करण्यात आल्या. ९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमध्ये एटीआर कोसळून ६२ जण गेले, तेव्हाही विमान बर्फाच्या पट्ट्यात होते. जवळच्या मार्गांवर यावर उपाय आहे : १४,००० फुटांवर राहायचे. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे सर्वोच्च शिखरही साडेपाच हजार फुटांच्या आत आहे, इंधन थोडे जास्त जाते, पण बर्फ टळतो. ढगांना वळसा घालण्यासाठी पावसाळ्यात दहा-पंधरा मिनिटांचे जादा इंधन धरावे लागते. कंपनीने ते धरले की भाडे वाढते, म्हणून ते न धरण्याचा मोह होतो. सवलत देताना पावसाळी वेळापत्रक वेगळे मागावे, त्यात प्रत्येक फेरीला वाढीव वेळ दिसला पाहिजे.

जमिनीवरच्या त्रुटी मात्र विमानाच्या नसून आपल्या सोयींच्या असतात. एटीआरला जेटसारखे एपीयू (उभे असताना वीज आणि गारवा देणारे छोटे सहायक इंजिन) नसते. उभे असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने अडवून इंजिन चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. मागून वारा असला की तो वापरता येत नाही आणि मग एप्रिलच्या दुपारी केबिन भट्टीसारखी तापते. प्रवाशांचा "पंख्याचे विमान नको" हा राग बऱ्याचदा इथूनच सुरू होतो. उपाय दोन गाड्यांचा आहे : २८ व्होल्ट डीसी वीज देणारे जीपीयू (जमिनीवरचे वीज-युनिट) आणि थंड हवेची एसी गाडी. नुसते जीपीयू पुरत नाही, ते वीज देते, गारवा देत नाही. मोठ्या जेटसाठीचे ११५ व्होल्टचे युनिट एटीआरचे इंजिन सुरू करायला चालत नाही, हे खरेदी करणाऱ्यांना आधी सांगून ठेवावे लागेल. प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामान पुढे भरतात. पुढचे सामान आधी काढले आणि माणसे शेपटीकडे गोळा झाली तर विमान मागे कलते, म्हणून शेपटीखाली टेकू लावल्याशिवाय काम सुरू करू नये. शिडी विमानाचीच असल्याने एरोब्रिज लागत नाही, पण पावसात भिजत चालणाऱ्या माणसाला हे सांगून समाधान होत नाही. त्याला छत हवे.

आणि खारा वारा. मिठाचा थर इंजिनातल्या कंप्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांवर बसला की तेवढ्याच शक्तीला इंजिन जास्त तापते आणि दुरुस्तीसाठी ठरल्या वेळेआधी विमानावरून उतरवावे लागते. किनाऱ्यावर चालणारे इंजिन नियमित धुवावे लागते : ज्वलन बंद ठेवून स्टार्टरने फिरवायचे आणि खनिजविरहित पाणी आत सोडायचे. नळाचे पाणी वापरले तर त्यातले क्षार आत राहतात आणि धुतल्याचा उपयोग उरत नाही. असे पाणी तयार करणारे छोटे संयंत्र मोपाच्या रॅम्पवर असायला हवे. इंजिन लवकर उतरवण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

जेटला आमचा विरोध नाही. नागपूर आणि अहमदाबाद मोपाहून आठशे किलोमीटरच्या पुढे आहेत. तिथे जेट अर्धा तास वाचवते, तेच विमान आणि तोच चालकवर्ग दिवसात एक फेरी जादा काढतो, ४१,००० फुटांपर्यंत जाता येत असल्याने बरेचसे हवामान खाली राहते. या मार्गांसाठी ई-१७५ चालवणाऱ्या कंपन्यांना जरूर बोलवा.

मुंबईचे मात्र वेगळे आहे. सुमारे ३९० किलोमीटर, म्हणजे अंतराने टर्बोप्रॉपचाच मार्ग, पण मुंबईत एटीआर आणि २३० आसनांचे विमान सारखाच एक स्लॉट (उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ) खातात. शिवाय एटीआर सुमारे ११५ नॉटने उतरते, मागचे जेट १३५-१४० ने, त्यामुळे मध्ये जागा जास्त सोडावी लागते. मुंबई विमानतळ टर्बोप्रॉपला नाखूश असतो तो यामुळे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावर स्लॉटची वाटणी घट्ट होण्याआधीच महाराष्ट्र सरकारशी बोलून सकाळी आणि संध्याकाळी गोव्याच्या एटीआरसाठी एकेक जोडी राखून घ्यावी. मोठ्या कंपन्या तिथे बसल्यावर ही जागा मिळणार नाही.

हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. त्याआधी मोपा येथे टर्मिनलजवळचे दोन स्टँड टर्बोप्रॉपसाठी ठरवून त्यांना छत, डीसी जीपीयू, एसी गाडी आणि धुण्याच्या पाण्याची सोय करून द्यावी. जागा सरकारची आहे आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपनीशी करारही राज्यानेच केलेला आहे, त्यामुळे यासाठी दिल्लीकडे जावे लागणार नाही. सेवा पणजी, म्हापसा आणि मडगावला राज्याच्या कदंब महामंडळाच्या बसने जोडावी, आणि बसची वेळ विमानाच्या प्रत्यक्ष उतरण्यावर ठरावी, छापील वेळापत्रकावर नको.

तपशील, आकडेमोड आणि स्टँडचा आराखडा घेऊन आपल्या अधिकाऱ्यांसमोर बसायला आम्ही कधीही तयार आहोत.

आपले,
गोव्यातील विमान देखभाल, उड्डाणनियोजन आणि रॅम्प कर्मचारी