काकू, फॉर्म मीच भरला!

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

या पत्रात तुमचं नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून लिहीत नाही. पण न्यू जर्सीतल्या एडिसनच्या लायब्ररीत शनिवारी खिडकीजवळ शाल पांघरून बसणाऱ्या काकू म्हटलं की कोण ते काहींना कळेलच. त्याला माझा इलाज नाही.

2024 च्या डिसेंबरात मी तुमच्याकडे आले तेव्हा पर्समध्ये 300 डॉलर होते. मुलाच्या कॉलेजसाठी 'फाफ्सा', म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे शिक्षणाची मदत मागायचा फॉर्म, भरून द्यायचे एका एजंटाने तेवढे मागितले होते. तुम्ही म्हणालात, "पैसे कसले? अगं, त्याच्या नावातला पहिला शब्दच 'फ्री' आहे." मग लॅपटॉप माझ्यापुढे सरकवलात. "मी बोटसुद्धा लावणार नाही. तुझा पासवर्डही मला दिसायला नको." खरं सांगते, राग आला होता. मदत करते म्हणायचं आणि हात शालीत घालून बसायचं!

पहिलं घोडं नावातच अडलं. माझ्या सोशल सिक्युरिटी कार्डावर माझ्या नावाला नवऱ्याचं नाव चिकटून आलंय, आणि मी आपली शाळेच्या दाखल्यासारखं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं तीन रकान्यांत वाटत बसले होते. फॉर्मसाठी काढायचं ऑनलाइन खातं काही जुळेना. "कार्डावर आहे तसं लिही. आपल्याला बरोबर वाटतं तसं नाही," एवढंच तुम्ही बोललात. आमचा टॅक्स दोघांचा एकत्र भरलेला, त्यामुळे आई-वडिलांपैकी एकाने खातं काढलं तरी पुरतं, हेही तेव्हाच कळलं. नाहीतर ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवणं म्हणजे दिव्यच होतं.

मग ती संमती. आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याकडून, आमच्या टॅक्सचे आकडे परस्पर मागवू का, असा प्रश्न आला आणि मी माऊसवरचा हात काढून घेतला. सरकारला आपण होऊन घरात कोण घेतं? तुम्ही म्हणालात, "नको म्हण की. फक्त मग केंद्र सरकारची मदत विसर." मी 'हो' दाबलं. 2025-26 च्या वर्षासाठी 2023 चा टॅक्स बघतात, ही गोष्ट तेव्हा कानावरून गेली. पुढे तिनेच आम्हाला तारलं.

मालमत्तेच्या पानावर तर तासभर गेला. तासगावजवळची आमची तीन एकर बाग लिहायची का? परदेशातली असली तरी नावावर असेल तर लिहावी लागते, असं तुम्ही सांगितलंत. मी दिरांना व्हॉट्सअॅप केला, तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. त्यांनी सातबाऱ्याचा फोटो पाठवला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून तो मोठा करून वाचलात. भोगवटादार म्हणून अजून सासऱ्यांचंच नाव. तरी तुम्ही 'नको लिहू' म्हणाला नाहीत. सोमवारी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला फोन लावायला लावलात, तोही माझ्या इंग्रजीत. आणि मी हातातल्या पाटल्यांचं विचारलं तेव्हा किती हसलात! अंगावरचे दागिने, गाडी, राहतं घर यातलं काही मोजत नाहीत म्हणे. आमचं घर तर भाड्याचंच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचं अजून वाईट वाटतं. आमच्या चिरंजीवांच्याच वर्गातली, मार्क त्याच्याहून चांगले. पण वडील एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर, जन्म पुण्याचा. तिला केंद्राची मदत नाही. आत्याने केलेल्या अर्जामुळे आमची ग्रीन कार्डं झाली म्हणून आमचा मुलगा पात्र ठरला. यात त्याची हुशारी कुठे आली?

फॉर्म भरल्यावर एसएआयचा, म्हणजे 'स्टुडंट एड इंडेक्स'चा, आकडा 2,100 च्या आसपास आला. मी घाबरून विचारलं, एवढे भरायचे? हा नुसता निर्देशांक, भरायची रक्कम नव्हे, पेल ग्रँट, म्हणजे केंद्राची परत न करायची मदत, यावरून ठरते, हे तुम्ही समजावलंत. त्या वर्षी कमाल 7,395 डॉलर, आम्हाला साधारण 5,300. कॉलेजचं पत्र आलं तेव्हा त्यात 'मदत' म्हणून सगळं एकाखाली एक छापलेलं, आणि आम्ही बेरीज करून पेढे आणायला निघालो होतो. तुम्ही पेन्सिल मागितलीत. त्या दिवशी पहिल्यांदा लिहायला तुमचे हात शालीतून बाहेर आले. पेल आणि राज्याच्या टॅग ग्रँटखाली एक रेघ मारलीत. "याच्या वरचं आपलं. खालचं परत करायचं." रेघेखाली 5,500 चं कर्ज होतं. त्यातल्या 3,500 चं व्याज शिक्षण चालू असेपर्यंत सरकार भरतं, उरलेल्या 2,000 वर पहिल्या दिवसापासून चढतं. आम्ही 3,500 च घेतले. पालकांच्या नावावरच्या प्लस कर्जावर तुम्ही काट मारलीत ती इतकी जोरात, की पत्र फाटलं.

आणि मार्चमध्ये ह्यांची गोदामातली नोकरी गेली. मला वाटलं, फॉर्म तर गेला, आता काय. तुम्ही म्हणालात, फॉर्म 2023 चा आहे, पोट 2025 चं आहे, हे कॉलेजला लिहून कळव. परिस्थिती बदलली तर तिथल्या अधिकाऱ्याला आकडे बदलायचा अधिकार असतो. कामावरून काढल्याचं पत्र आणि शेवटच्या पगाराच्या स्लिपा जोडून मी अर्ज लिहिला. तुम्ही त्यातली 'कृपया'च तेवढी कमी केलीत. आठ होती. सहा आठवड्यांनी पूर्ण पेल मंजूर झाली.

हा फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा असतो. 2026-27 चा परवा भरला. रात्री, जेवणं झाल्यावर, घरीच. पाऊण तास लागला. तुम्हाला फोन करावासा दोनदा वाटलं, केला नाही. आता तुमचं ते शालीतले हात ठेवून बसणं कळलं.

थालीपिठांचा तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणते. रिकामा आणणार नाही.

तुमची,
तासगावची सून