शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याधच नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बसस्थानकाच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि कधी वर्तमानपत्राच्या घडीत घातलेल्या पत्रकांतही ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती असतात. शौचावाटे रक्त गेले की मूळव्याधच, हा समज त्यांनी घट्ट केला आहे. आमच्या घराने त्याची जबर किंमत मोजली, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांना आठ महिने रक्त जात होते. कोणाला दिसू नये म्हणून ते संडासात दोन बादल्या पाणी ओतूनच बाहेर येत, हे आईला फार उशिरा कळले. अशाच एका जाहिरातवाल्याकडच्या कागदी पुड्या ते ताकातून घेत राहिले, तिखट सोडले, सुरण खाल्ला. मात्र तपासणी कोणीच केली नाही. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन सात. सर्जननी हातमोजा घालून बोटाने गुदद्वार तपासले आणि मिनिटभरात गाठ हाताला लागली. गुदाशयाचा कर्करोग होता. आज ते शौच गोळा होणाऱ्या पोटावरच्या पिशवीसह जगत आहेत.

घाबरवण्याचा हेतू नाही. शौचानंतर न दुखता लालभडक रक्त थेंबथेंब पडत असेल तर ती बहुधा मूळव्याध असते आणि चिरल्यासारख्या वेदनेबरोबर रक्ताची रेघ दिसली तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. परंतु रक्त शौचात मिसळलेले असेल, सोबत शेम पडत असेल आणि वारंवार जावे लागत असेल, तर आमांश किंवा मोठ्या आतड्याची जुनाट सूज असू शकते. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच हा जठरातील व्रणातून रक्तस्राव होत असल्याचा इशारा असू शकतो. गुडघेदुखीवर स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरे, पण तो निर्णय डॉक्टरांना करू द्यावा. शिवाय मूळव्याध असलेल्या माणसाला त्याच वेळी कर्करोगही असू शकतो, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. चाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसले, वजन घटले, शौचाच्या सवयी बदलल्या किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर दुर्बिणीतून तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. पुढे कर्करोगात बदलू शकणारे आतड्यातले लहान कोंब (पॉलिप) बहुतेक वेळा त्याच तपासणीत काढून टाकता येतात.

सरकारी तपासणी मोहिमेत तिशीपुढील नागरिकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांवर भर असतो. त्या वेळी आशाताई अनेक प्रश्न विचारतात; त्यांत ‘शौचावाटे रक्त जाते का’ हा एक प्रश्न आरोग्य विभागाने घालावा. आणि आपल्या दैनिकानेही अशी पत्रके अंकातून वाटली जाऊ देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा