फ्यूज उडाला नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे असं नसतं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चालत्या गाडीने पेट घेतल्याची बातमी आली की शेवटी ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ ही ओळ ठरलेली. मी आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचंच काम करत आलो आहे, म्हणून लिहितो. जुन्या गाडीत वायर तापून जळते तेव्हा पुष्कळदा शॉर्ट झालेलंच नसतं. त्यामुळे फ्यूजही उडत नाही. मालक म्हणतो, फ्यूज शाबूत आहे ना, मग काळजी नाही. आणि जळका वास अंगावर काढतो.

वायर सोलवटून बॉडीला टेकली की करंट एकदम चढतो आणि फ्यूज जातो. (बॅटरीपासून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला जुन्या गाड्यांत बहुधा फ्यूजच नसतो. ती घासली तर मात्र खरोखर जाळ होतो.) सांधा सैल झाला, टर्मिनलवर हिरवा थर चढला किंवा वायरीतल्या थोड्या तारा तुटल्या, तर गोष्ट वेगळी. रोध वाढतो, करंट उलट किंचित कमी होतो, फ्यूजला पत्ताही लागत नाही. हेडलाइटच्या लाइनमधून 10 अँपिअर जाताना एका कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत) अर्धा व्होल्ट खर्ची पडला, तर तिथे 5 वॉट उष्णता तयार होते. आकडा किरकोळ वाटेल, पण ती नखाएवढ्या क्लिपमध्ये, प्लॅस्टिकच्या डबीत कोंडलेली असते. क्लिप तापली की तिचा ताण जातो, पकड आणखी सैल होते आणि ती आणखी तापते.

मध्यंतरी माझ्याकडे एक जुनी गाडी आली. रात्री थोडं अंतर गेलं की स्टिअरिंगखालून जळकट वास यायचा आणि हेडलाइट पिवळट पडायचे. आधी कुणीतरी लाइटचा स्विच बदलून दिला होता. वास काही दिवस थांबला, मग परत सुरू. मी कपलर सोडवला. बाकीच्या पिनांभोवतीचं प्लॅस्टिक पांढरं, एकीभोवती तपकिरी, फुगलेलं. तिच्यामागे चार बोटं वायरीचं आवरण इतकं कडक झालेलं की वाकवताच तडकलं. स्विच नवा होता, पण तो त्याच सैल, जळक्या कपलरमध्ये खुपसला होता. भरीला भर म्हणून कुणीतरी 60/55 वॉटचे बल्ब काढून 100 वॉटचे घातलेले. दोन बल्बांचा करंट 10 वरून 17 अँपिअरच्या आसपास गेला, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट! वायर मात्र मूळचीच.

लाइट चालू ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटर लावला, तर 0.9 व्होल्ट. एका सांध्यावर 0.1 ते 0.2 च्या वर दिसलं की मी तो उघडतोच. जळका भाग कापला, त्याच जाडीची नवी वायर आणि नवं टर्मिनल नीट दाबून बसवलं, जुने बल्ब परत लावले आणि हेडलाइटला रिले, म्हणजे छोट्या करंटने ओढला जाऊन मोठा करंट सोडणारा वेगळा स्विच, दिला. आता स्विचमधून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो.

या तपासणीत बरेच फिटर मीटर ओहमवर लावून ‘कंटिन्युइटी आहे, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही, वायर चांगली आहे’ असं सांगतात. त्याचा इथे काही उपयोग नाही. अर्धा व्होल्ट खाणाऱ्या त्या सांध्याचा रोध फक्त 0.05 ओहम असतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच त्याहून जास्त भरतो. एकच तार शिल्लक असलेली वायरही या परीक्षेत पास होते. लोड चालू हवा आणि मीटर व्होल्टवर हवा.

मीटर नसेल तर दिवे, ब्लोअर चालू ठेवा, दहा मिनिटांनी सगळं बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि हात लावून पाहा, जपून. वायर सबंध लांबीभर गरम असेल तर करंट जास्त आहे किंवा वायर बारीक आहे. एकाच जागी चटका बसला तर दोष त्या सांध्यात. फ्यूज काढून त्याचे पायही बघा. एकच पाय काळवंडलेला असेल तर फ्यूजबॉक्सची क्लिप गेली.

अर्थकडे, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीकडे, तर कोणी बघतच नाही. इंजिन आणि बॉडीमधली अर्थपट्टी कुजली की सेल्फचा शंभरावर अँपिअर करंट परतीला दुसरी वाट शोधतो. क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना गरम होत असेल तर केबल बदलू नका, पट्टी बदला.

आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून 15 च्या जागी 30 चा घालणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. फ्यूज वायर वाचवायला असतो. दुप्पट फ्यूज घातला की आधी जळणार ती वायर.

आपल्या वार्ताहरांना एकच विनंती. अशी बातमी देताना गाडी नेमकी कुठून पेटली, आणि तिच्यात मागाहून कोणते दिवे, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टिम जोडली होती, एवढं विचारून छापावं.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन