डिस्कदुरुस्तीचा अर्धवट सल्ला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लिनक्सची डिस्क माउंट होत नसेल (म्हणजे जोडून उघडत नसेल) तर 'ई२एफएससीके' ही फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड 'मायनस वाय' लावून चालवा, असा सल्ला आपल्या संगणकविषयक सदरात छापून आला आहे. कमांड खरी आहे, पण सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी एखाद्याचा हाताशी असलेला डेटा जाईल. मायनस वाय म्हणजे दुरुस्तीच्या प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून 'हो'. आयनोड (फाइलचा तपशील आणि तिच्या जागेचे पत्ते ठेवणारी नोंद) बिघडलेला दिसतो, पुसू का? हो. फाइल कोणत्या फोल्डरची ते कळत नाही, 'लॉस्ट+फाउंड'मध्ये टाकू का? हो. तिथे गेलेल्या फाइलचे नाव जाते आणि उरतो फक्त आयनोडचा क्रमांक. हे सगळे थेट डिस्कवर लिहिले जाते.

डिस्क खटखट आवाज करत असेल किंवा डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'मध्ये पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले तुकडे) दिसत असतील, तर कोणतीही दुरुस्ती करण्याआधी 'जीएनयू डीडीरेस्क्यू'ने मॅपफाइलसह (कोणता भाग वाचला, कोणता राहिला याच्या नोंदीसह) पूर्ण प्रत काढावी आणि पुढचे काम त्या प्रतीवर करावे. डिस्क धडधाकट असेल तर आधी ती नुसती वाचावी. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमसाठी लागणारी हत्यारे 'ई२एफएसप्रोग्ज' या संचात असतात आणि बहुतेक लिनक्सवर ती आधीपासूनच बसवलेली असतात.

सुरुवात 'डम्पई२एफएस मायनस एच'ने करावी. ही कमांड सुपरब्लॉक, म्हणजे फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग, वाचते आणि काहीही लिहीत नाही. तिच्यात 'फाइलसिस्टिम स्टेट' आणि फीचर्सची ओळ नीट पाहावी. तिथे 'नीड्स_रिकव्हरी' असेल तर जर्नलमध्ये (बदल आधी टिपून ठेवायच्या वहीत) असलेले बदल अजून डिस्कवर लागू केलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. वीज गेल्यावर हेच होते आणि पुष्कळदा जर्नल लागू झाले की काम होते. इथे दोन गोष्टी लोकांना चकवतात. 'ई२एफएससीके मायनस एन' काहीही लिहीत नाही, त्यामुळे जर्नलही लागू करत नाही. म्हणून तिने दाखवलेल्या चुकांपैकी काही चुका मुळात नसतात. दुसरे, 'रीड-ओन्ली' माउंट केले तरी ईएक्सटी४ जर्नल लागू करतेच, म्हणजे डिस्कवर लिहितेच. खरोखर काही लिहू द्यायचे नसेल तर 'आरओ'बरोबर 'नोलोड' द्यावे लागते.

'बॅड मॅजिक नंबर' (म्हणजे सुपरब्लॉकची ओळखखूण सापडली नाही) असा निरोप आला की लोक घाबरतात. पुष्कळदा चूक इतकीच असते की 'एसडीबी१' हा विभाग द्यायच्या जागी अख्खी 'एसडीबी' डिस्क दिलेली असते, किंवा आत एलव्हीएम (विभागांची लवचीक मांडणी) अथवा कूटबद्ध विभाग असतो. 'एलएसबीएलके मायनस एफ' ते लगेच सांगते. खात्री करायची तर विभागाचा १०८०वा बाइट हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) पाहावा: सुपरब्लॉक १०२४व्या बाइटपासून सुरू होतो आणि त्यात ५६ बाइट पुढे '५३ ईएफ' ही जोडी असते. ती नसेल तर सुपरब्लॉकच्या राखीव प्रती आहेत. ब्लॉक म्हणजे फाइलसिस्टिम जागा वाटते तो तुकडा; ४०९६ बाइटच्या ब्लॉकसाठी पहिली प्रत ३२७६८व्या ब्लॉकवर, पुढची ९८३०४वर. आकडा ३२७६८च का? कारण एका ब्लॉकच्या बिटमॅपमध्ये (कोणते ब्लॉक वापरात आहेत त्या नोंदीत) तेवढेच बिट मावतात, आणि म्हणून ब्लॉकांचा एक गट १२८ मेगाबाइटचा होतो. ब्लॉक १०२४ बाइटचे असतील तर पहिली प्रत ८१९३वर सापडते. या जागा शोधायला 'एमकेई२एफएस मायनस एन' चालवा असे सुचवले जाते. ते मी कुणालाही सुचवणार नाही. तो एक 'एन' टाइप करायचा राहिला की डिस्क फॉरमॅट होते.

प्रत सापडली की 'डीबगएफएस' हे फाइलसिस्टिमच्या आत डोकावायचे हत्यार उघडावे: मायनस सी, मायनस बी ४०९६, मायनस एस ३२७६८. 'मायनस सी'मुळे ते बिटमॅप वाचत नाही, म्हणून फार बिघडलेली डिस्कही उघडते. मग आत 'एलएस' करून फोल्डर दिसले तर 'आरडम्प'ने ते अख्खेच्या अख्खे दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावे. दुरुस्तीला हात लावण्याआधी डेटा बाहेर येतो तो असा. डीबगएफएस मुळात वाचण्यापुरतेच उघडते. 'मायनस डब्ल्यू' दिल्याशिवाय लिहीत नाही.

खराब सेक्टरमध्ये कोणती फाइल अडकली हेही काढता येते. समजा कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ८६५२८४० या सेक्टरवर त्रुटी दाखवली आणि विभाग २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतो. वजाबाकी ८६५०७९२, त्याला ८ने भागले (४०९६च्या एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचे ८ सेक्टर) की ब्लॉक १०८१३४९. डीबगएफएसमध्ये 'आयचेक १०८१३४९' आयनोड देते आणि त्या आयनोडवर 'एनचेक' फाइलचा पूर्ण मार्ग देते. आयचेकला आयनोड सापडला नाही तर ब्लॉक मोकळा असेल किंवा तो फाइलसिस्टिमचा स्वतःचा असेल. 'टेस्टबी' तो वापरात आहे का ते सांगते. वापरात असेल आणि आयनोड टेबलातला निघाला तर प्रकरण गंभीर: २५६ बाइटचे १६ आयनोड त्या एका ब्लॉकमध्ये असतात. आयनोडचा तपशील 'स्टॅट'ने पाहताना क्रमांक कोनी कंसात लिहावा, नाहीतर डीबगएफएस त्या नावाची फाइल शोधत बसते.

पुसलेल्या फाइलबद्दल मात्र खोटी आशा दाखवू नये. ईएक्सटी२मध्ये पुसल्यावरही आयनोडात ब्लॉकचे पत्ते राहत, म्हणून पुसलेल्या फाइलींची यादी देणारे 'एलएसडेल' उपयोगी पडे. ईएक्सटी३पासून ते पत्ते शून्य केले जातात. एसएसडीवर ट्रिम (रिकाम्या जागा पुसून टाकायची सोय) चालले असेल तर मजकूरही गेलेला असतो.

मराठी फाइलनावे असणाऱ्यांसाठी एक खूण. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि त्याची सुरुवात 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' अशी होते. फोल्डरचा ब्लॉक हेक्समध्ये पाहताना या जोड्या ओळीने दिसल्या की ते आपले नाव आहे. 'मराठी' या नावाचे १५ बाइट होतात. नावाची मर्यादा २५५ बाइटची असल्याने काना, मात्रा, वेलांटी, हलन्त धरून ८५ चिन्हेच मावतात.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर ई२एफएसप्रोग्जमधले काहीही चालत नाही. तिथे 'एक्सएफएस_डीबी मायनस आर' वापरावे.

सदरात दुरुस्ती छापाल तेव्हा मायनस वायच्या आधी मायनस एन छापावे ही विनंती. आणि वाय वापरायचेच असेल, तर त्यासोबत 'मायनस झेड' देऊन जुन्या ब्लॉकची फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवायला सांगावे. 'ई२अनडू'ने त्या फाइलवरून पूर्वस्थितीत परतता येते.

आपला,
एक वाचक, पुणे