काळा घोडा पाहायचा तर भायखळ्याला जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'काळा घोडा' पाहायला मुंबईच्या फोर्ट भागातल्या चौकात येणाऱ्यांना तिथे घोडा दिसतो, स्वार दिसत नाही. हा घोडा 2017 साली बसवलेला. कल्पना वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची, घडण शिल्पकार श्रीहरी भोसले यांची. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडले, तो 1965 मध्ये तिथून हलला आणि आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. एवढी माहिती देणारा ठळक मराठी फलक महापालिकेने चौकातच लावावा. सीएसएमटीहून धीम्या लोकलने भायखळा तिसरे स्टेशन. पूर्वेला उतरून डॉ. आंबेडकर रस्त्याने बाग चालत गाठता येते. बुधवारी बाग बंद असते, हेही फलकावर हवेच.

पुतळ्याला सरसकट 'सातवा एडवर्ड राजा' म्हणतात. पण 1875-76 च्या हिंदुस्थान दौऱ्याची आठवण म्हणून मुंबईचे व्यापारी सर अल्बर्ट ससून यांनी तो शिल्पकार जोसेफ बोहम यांच्याकडून करवून घेतला आणि 1879 मध्ये तो उभा राहिला, तेव्हा एडवर्ड युवराज होता. गादी मिळाली 1901 मध्ये. म्हणून मुकुट-राजदंड शोधू नये. अंगावर लष्करी गणवेश आहे. उंची सुमारे पावणेतेरा फूट, तेव्हा आधी दहाबारा पावले मागे सरून पाहावा, मग घोड्याचे स्नायू आणि लगाम जवळून.

खरी काळजी निगेची आहे. पुतळ्याच्या ब्राँझवरचा एकसारखा गडद थर धातूला राखतो. तो 'मळ' समजून घासला की नवा धातू उघडा पडतो. खाऱ्या, दमट हवेतले क्लोराइड त्यात शिरले की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि धातू आतून पोखरला जातो. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त, तीही साचू देऊ नये. तारेचा ब्रश, आम्ल, चिंच-लिंबू, सोनेरी किंवा काळा ऑइलपेंट यांतले काहीही नको. मऊ ब्रश, सौम्य साबण, भरपूर स्वच्छ पाणी. पूर्ण कोरडे झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या) मेणाचा पातळ हात. हे काम धातुसंवर्धकाच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि पावसाळा लागण्याआधी. ओल्या धातूवर मेण चढवले तर ओल आतच कोंडते.

आपले,
मुंबईतील काही वारसाप्रेमी वाचक